बरी, लागलेली, मेली

गल्लीत तिला समोरून सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘हुंगणारी’. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. दुसऱ्या नावाचा तिला राग नव्हता, राग होता तो नाव पाडणारीचा. ते पाडलं होतं तिच्या धाकट्या जावेनं, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून, शेजारच्या शिंप्याला मशीन चालू असतानाही ऐकू जाईल अशा आवाजात.

आणि हुंगायची तर ती खरंच. सकाळी उत्तरेच्या खोलीचं कुलूप काढलं की दिवा न लावता आधी दारात उभी राहायची आणि खोल श्वास घ्यायची. गोठ्यात शिरलेला माणूस जनावराला हात लावण्याआधी वासावरून ओळखतो की काही बिघडलंय का, तसं. मग खिडकीची एकच फळी उघडायची, सुती हातमोजे चढवायची, आणि मांडणीवरचं एक खोकं खाली घेऊन त्यातली पाकिटं एकेक करून नाकाशी धरायची.

पाकिटांत निगेटिव्ह होत्या. पुढच्या बाजूला जे दुकान आहे तो पूर्वी फोटो स्टुडिओ होता, दोघा भावांचा. थोरला कॅमेऱ्यामागे, धाकटा गल्ल्यावर. गावातल्या माणसाला नोकरी लागो, मूल होवो, परगावी जाणं होवो, तो आधी यांच्या पडद्यासमोर येऊन बसायचा. फोटो घेऊन माणूस जायचा आणि त्याची निगेटिव्ह मागं राहायची. काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची, डोळ्यांत दिवे लागल्यासारखी दिसणारी ती माणसं वर्षानुवर्षं साठत गेली. त्यातली पुष्कळशी आता जगात नव्हती. खोक्यांत मात्र नीट बसलेली होती.

मोठी थोरल्याची बायको. नवऱ्यानं तिला काम शिकवलं असं लोक म्हणत, पण त्यानं शिकवलं नव्हतं, त्यानं फक्त हटकलं नव्हतं. ती मागं उभी राहून बघायची आणि एक दिवस तिनं पेन्सिल हातात घेतली. निगेटिव्हला दोन अंगं असतात, एक चकचकीत आणि एक मंद. मंद अंगावर पेन्सिलीचं टोक टेकवायचं, ओढायचं नाही, चिमणी दाणा टिपते तसं टिपत जायचं. मग कागदावर फोटो उतरतो तेव्हा गालावरचा खड्डा भरून आलेला असतो, डोळ्यांखालची जाग निघून गेलेली असते. गावातल्या कितीक मुलींची लग्नं आपल्या पेन्सिलीनं जमवली, असं ती म्हणायची, आणि ते म्हणताना तिची मान जरा वर जायची.

धाकट्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिलाही खुर्चीत बसवून फोटो काढला. तिच्या हनुवटीवर तीळ होता. तो तेवढा काढून टाका, असं तिनं नवऱ्याकरवी कळवलं. मोठीनं तिच्या ओठावरची भेग बुजवली, भुवई सारखी केली, आणि तीळ ठेवला. तिच्या मते गोल चेहऱ्याला एखादी खुंटी लागते, नाहीतर नजर घसरून जाते. हे तिनं तोंडानं सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण मोठीचा स्वभाव कारणं देण्याचा नव्हता, आणि धाकटीचा विचारण्याचा नव्हता. सगळ्या गावाचे डाग पुसते आणि माझा तेवढा राखते, यात काय ते आलं, असं धाकटीनं धरून ठेवलं. फोटो तिनं माहेरी देऊन टाकला. तिथं तो भिंतीच्या ओलीनं गेला.

त्यानंतर दोघी जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलत भरपूर होत्या, पण एकमेकींशी नव्हे. धाकटी भांड्यांशी बोलायची, मोठी केरसुणीशी. पातेलं आपटून धाकटी म्हणायची की काही लोकांना फुकटचं खायला लाज वाटत नाही, आणि केर काढता काढता मोठी केरसुणीला सांगायची की ज्यांच्या जिभेला हाड नाही त्यांच्या घरात मांजरसुद्धा टिकत नाही. मधल्या मधे मुलं वाढली, शिकली आणि दूर गेली. भांडण तेवढं घरी राहिलं.

थोरला वारला आणि वाटणी झाली. शेजारचा शिंपी मध्यस्थ होता. गळ्यात माप घेण्याची फीत तशीच ठेवून तो बसला होता, जणू घरही मापूनच कापायचं होतं. दुकान, कॅमेरे, दिव्यांचे खांब धाकट्या भावाकडे गेले. मागच्या दोन खोल्या मोठीला. राहता राहिली उत्तरेची खोली. ही पूर्वीची अंधारखोली, जाड भिंतींची. ऊन तिथं कधी येत नसे आणि भर उन्हाळ्यातही फरशीला पाय लावला की थंडावा वर चढायचा. ती मोठीनं निगेटिव्हसाठी मागितली. भावोजी हसले आणि म्हणाले, कचरा ठेवायला एवढी चांगली खोली कशाला. शेवटी शिंप्यानं तोडगा काढला: धंद्याचं सामान आत आहे तोवर खोली वहिनींची, सामान संपलं की दुकानाची. दोघांनी मान डोलावली. कागद केला नाही, शब्दावर ठरलं.

त्याच दिवशी भावोजींनी आणखी एक केलं. आपल्या घरातल्या माणसांच्या निगेटिव्ह त्यांनी खोक्यांतून वेगळ्या काढल्या. आमची तोंडं आमच्याकडे राहतील, म्हणाले. त्या त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत दाबून भरल्या आणि झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली. मोठीला राहवलं नाही. ती म्हणाली, “भावोजी, कागदात ठेवा. त्यांना श्वास लागतो.” भावोजींनी तिच्याकडे बघत बघत पट्टीचा आणखी एक वेढा दिला, दातांनी पट्टी तोडली, आणि डबे दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली नेऊन टाकले.

मोठीनं मग वाट्याला आलेला कचरा मनावर घेतला. निगेटिव्ह जुन्या पाकिटांत होत्या, त्या पाकिटांचा डिंक त्यांना खात होता. तिनं साध्या कागदाची, चारी बाजूंनी घडी पडणारी, डिंकाचा थेंबही नसलेली पाकिटं घरी बसून केली. नवऱ्यानं सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायला काढलेल्या जाहिरातींच्या स्लाइड्स होत्या, छत्रीवाल्याच्या, चष्मेवाल्याच्या. त्या मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांत ठेवल्यामुळे घामेजून चिकटल्या होत्या. त्या तिनं एकेक करून सोडवल्या, जखमेवरची पट्टी काढावी तशा, आणि लाकडी खाचांच्या पेटीत उभ्या लावल्या. ज्या सुटल्या नाहीत त्यांच्यापायी दोन दिवस बोलली नाही कुणाशी. केरसुणीशीसुद्धा.

प्रत्येक पाकिटावर ती पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहायची: माणूस कोण, कसा काढलाय, आणि आतल्या निगेटिव्हची तब्येत कशी आहे. तब्येती तीनच. वास नसेल तर बरी. आंबूस वासाची पहिली चाहूल आली की लागलेली, कीड लागते त्या अर्थानं. ती वेगळ्या मांडणीवर जायची, कारण हा रोग शेजारणीला धरतो. आणि फिल्म आखडली, वरचा थर सुटून सुरकुत्या पडल्या, की मेली. मेलेल्या ती खोलीत ठेवत नसे. मागच्या दाराबाहेर पागोळीखाली एक लाकडी खोकं होतं, त्यात जायच्या.

आता बिघडलेली असायची ती निगेटिव्ह, पण हात लिहून जायचा माणसाला धरून. ‘सोनार – बसलेला – बरा.’ ‘पोस्टमन – उभा – लागलेला.’ ‘दाईबाई – नातवासह – मेली.’ दाईबाई तेव्हा रोज बाजारात भाजी निवडत असायची. मोठीच्या हे कधी ध्यानातही आलं नाही. तिच्यासाठी ती माणसं तिथंच होती, पाकिटात, आणि त्यांचं खरं हवापाणी तेच.

यंदा भावोजींनी दुकान नवं करायला काढलं. फोटोचं काम कधीच बसलं होतं. मोबाइलची कव्हरं आणि झेरॉक्स यांवर गाडा चालला होता. आता त्यांना फ्लेक्स छापायचं मशीन घ्यायचं होतं, आणि मशीनला थंड खोली लागते असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. माळा पाडला तेव्हा वरचे डबे खाली आले. भावोजींनी ते मोठीच्या उंबऱ्यावर आणून ठेवले. “हाही तुमचाच कचरा, वहिनी,” म्हणाले. झाकणं उघडून बघण्याचीही तसदी त्यांनी घेतली नव्हती.

मोठीनं पट्टी कापली. झाकण निघालं आणि वासाचा भपकारा असा आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. व्हिनेगरची बाटली फुटावी तसा वास. ती डबे घेऊन उत्तरेच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि कामाला लागली. दया म्हणून नव्हे. हातातलं काम कुणाच्या तोंडाचं आहे हे तिनं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, एवढंच.

वास मात्र दाराआड राहणारा नव्हता. तो स्वयंपाकघरात पोचला. धाकटीनं आधी फोडणीची कढई आपटली, मग दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं, आणि मग खिडकीतून गल्लीला ऐकवलं की आत काय आंबवत ठेवलंय कोण जाणे, एक दिवस सगळ्या घराला घेऊन जाईल ही हुंगणारी. भावोजी तिला म्हणाले, थोडी कळ काढ, खोलीच आपली होणार आहे.

मशीन आलं. दुकानाच्या पायरीवर, लाकडी चौकटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. भावोजी दिवसातून दहादा त्याच्याभोवती फिरायचे. खोली मागायला निमित्त हवं होतं, आणि ते धाकटीनंच आणून दिलं. ती मागं कपडे वाळत घालायला गेली असताना पागोळीखालच्या खोक्यातली वरची पाकिटं वाऱ्यानं अंगणात पसरली होती. ढुंकून बघायचं नाही असं ठरवूनही तिची नजर गेली. मोठीचं वळणदार अक्षर. ‘धाकटी – बसलेली – मेली.’

धाकटी ओरडली नाही. ती पाकीट हातात धरून तशीच दुकानात गेली, गिऱ्हाइकासमोर काउंटरवर ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, वाचा. भावोजींनी वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर संतापाच्या आधी जे आलं ते समाधान होतं. त्यांनी शिंप्याला हाक मारली.

सगळे मधल्या बोळात जमले. शिंप्यानं चष्मा पुसून पाकीट वाचलं आणि घसा खाकरला. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीलाच म्हणाली, “जिवंतपणी लिहून ठेवलंय बाईनं. बसलेली म्हणे. निदान उभी तरी मारायची होती.”

शिंप्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

भावोजी शांतपणे म्हणाले, तो राग नंतर बघू, आधी कामाचं. “वहिनी, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“मीच.”

“म्हणजे आतलं मेलेलं आहे.”

“मेलेलंच आहे.”

“ऐकलंत ना?” भावोजी शिंप्याकडे वळले. “ठरलं काय होतं? धंद्याचं सामान आहे तोवर. आत सगळं असंच भरलंय, आणि मेलेलं ते सामान नव्हे. त्या स्वतःच लिहून देतायत.”

शिंपी फितीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. त्याला ते आवडलं नव्हतं, पण शब्द शब्दाला बरोबर लागत होता. तो म्हणाला, बाई, बोलणं तर असंच झालं होतं. मोठीला तेव्हा पहिल्यांदा कळलं की खोली जाते आहे. खोली गेली की खोकी कुठं जाणार? तिच्या दोन्ही खोल्या पश्चिमेच्या, दुपारी भट्टी. दोन उन्हाळ्यांत सगळं गाव आंबून गेलं असतं.

ती आत गेली. भावोजींना वाटलं, रडायला गेली. ती आली तेव्हा तिच्या एका हातात पाकीट होतं आणि दुसऱ्यात बिस्किटाचा डबा, झाकण लावलेला. पाकीट तिनं शिंप्याच्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘शिंपी – उभा – बरा.’

“हुंगा,” ती म्हणाली.

शिंप्यानं हुंगलं. कागदाचा वास येतोय, म्हणाला. मग ते उघडून उजेडाकडे धरलं आणि बघतच राहिला, कारण आत तो होता, भरघोस केसांचा, नव्या कोटात, तो कोट त्यानं स्वतःच शिवलेला. सगळं जिथल्या तिथं. कोटाची टीपसुद्धा मोजता आली असती.

“आता हे.” तिनं डब्याचं झाकण काढलं. शिंप्याची मान आपोआप मागं गेली. वास बोळभर पसरला, आणि धाकटी भिंतीकडून गर्रकन वळली. हाच तो वास. तिच्या फोडणीत, तिच्या उशीत शिरलेला. डबा मात्र तिच्या ओळखीचा होता. त्यातली बिस्किटं तिच्याच मुलांनी संपवली होती, आणि त्यावरची चिकटपट्टी तोडणारे दात तिच्या नवऱ्याचे होते.

मोठीनं काउंटरवरून आलेलं ते पाकीट घेतलं, चारी घड्या उघडल्या आणि तळहात पुढं केला. आत काय होतं ते सांगणं कठीण. वाळलेल्या पानासारखी आखडलेली फिल्म, वरचा थर सुटून त्याच्या बारीक वळ्या झालेल्या, नांगरलेल्या ढेकळांसारख्या. खुर्चीचा एक हात ओळखू येत होता आणि पदराचा काठ. वर, जिथं चेहरा असायला हवा तिथं, नुसत्या सुरकुत्या.

बघायचं नाही असं धाकटीच्या मनात असावं. पण ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

“तीळसुद्धा राहिला नाही,” ती म्हणाली. भिंतीला नव्हे.

मोठी म्हणाली, “मी सांगितलं होतं कागदात ठेवा. विचार तुझ्या नवऱ्याला.”

भावोजींनी हात झटकला. म्हणाले, एका फोटोचं काय घेऊन बसलात, उरलेल्या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून घेऊ, आहे काय त्यात. धाकटीनं त्यांच्याकडे न बघता विचारलं की मागच्या मोबाइलमधले कुठायत. तो मोबाइल भावोजींनी पाण्याच्या टाकीत पाडला होता.

“पोरांचे?” धाकटीनं विचारलं.

“लागलेले आहेत. मेले नाहीत अजून. थंडाव्याला राहिले तर पुष्कळ टिकतील.”

“आणि नाही राहिले तर?”

मोठीनं तळहात तसाच पुढं धरून ठेवला.

धाकटी नवऱ्याला म्हणाली, मशीन आत जाणार नाही. भावोजी म्हणाले, तू मधे पडू नकोस. ती म्हणाली, मधे मी नाही, माझी पोरं आहेत. शिंप्यानं संधी साधून सांगून टाकलं की लागलेलं म्हणजे मेलेलं नव्हे, तेव्हा सामान आहे, तेव्हा खोली वहिनींची. आणि स्वतःचं पाकीट खिशात घालायला लागला. मोठीनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

यानंतर दोघी जावांचं जमलं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं त्या घरी एक दिवस राहून बघावं. त्याच संध्याकाळी धाकटी बाजारातून पितळी कुलूप घेऊन आली आणि मोठीच्या कुलपाशेजारी दुसरा कडी-कोयंडा ठोकून घेतला. पातेल्याला सांगितलं की आपल्या पोरांची तोंडं एकटीच्या हातात द्यायला कुणी वेडं नाही. मोठीनं केरसुणीला सांगितलं की दोन कुलपांनी हवा बदलत नाही, अक्कलही येत नाही. मशीन पायरीवरच राहिलं, आणि भावोजी येता-जाता त्याला अडखळून दोघींनाही शिव्या घालू लागले.

आता खोली उघडायला दोघी लागतात. सकाळी एक किल्ली फिरते, मग दुसरी. धाकटी दारापाशी स्टूल टाकून बसते, पहारा म्हणून. काही दिवस ती नुसती बघत होती. मग शाईचा पेन घेऊन आली आणि ‘मेली’ खोडून ‘बिघडली’ लिहायला लागली. मोठीनं पेन ओढून घेतला. शाई कागदातून आत उतरते, हे सांगितलं नाही, पेन गटारात टाकला. धाकटीनं पेन्सिल आणली.

आणि मग एक भलतीच गोष्ट उघडकीला आली. धाकटीचं नाक मोठीपेक्षा तिखट निघालं. नाहीतरी बंद दारातून वास ओळखणारी तीच होती. मोठीनं ‘बरी’ म्हणून ठेवलेलं पाकीट ती उचलायची, एकदा नाकाशी न्यायची आणि लागलेल्यांच्या मांडणीवर फेकायची. मोठी ते परत आणायची, परत हुंगायची, खिडकीपाशी नेऊन तपासायची. कडा जराशी वळलेली असायची. धाकटी बरोबर असायची, आणि तोंडानं काही बोलायची नाही. ते न बोलणं मोठीला जास्त झोंबायचं.

एका सकाळी धाकटीनं वरच्या फळीवरचं खोकं काढलं. मोठी म्हणाली, ते राहू दे. ती राहू देणारी नव्हती. त्यात एकच पाकीट होतं. ‘थोरले – उभे – बरे.’ कॅमेऱ्यामागं जन्म काढलेल्या माणसाची समोर उभी राहिलेली ती एवढी एकच निगेटिव्ह होती. धाकटीनं हुंगलं, आणि पाकीट लागलेल्यांच्या मांडणीवर ठेवलं. या खेपेला फेकलं नाही.

मोठीनं झडप घातल्यासारखं ते उचललं. हुंगलं. वास नव्हता. डोळे मिटून पुन्हा हुंगलं. कागद, लाकूड, स्वतःच्या मोज्याचा साबण, बाकी काही नाही. खिडकीशी नेलं, कडा पाहिली. वळली होती असं वाटलं, नव्हती असंही वाटलं. ही खुनशीपणानं करतेय का? तिळाचं उट्टं काढायला याहून चांगली जागा कुठली? आणि खरं असेल तर, बऱ्यांमध्ये ठेवून सगळ्या खोक्यांना धोका.

इतक्या वर्षांत तिनं धाकटीला प्रश्न असा विचारलाच नव्हता.

“नक्की?”

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना कीव, ना आनंद. “मला काय मिळणार आहे त्यात?” ती म्हणाली, आणि पुढचं खोकं उतरवायला लागली.

मोठी पाकीट घेऊन उभी राहिली. मग खोडरबर शोधलं, ‘बरे’ पुसलं, कागदावरची भुकटी फुंकून टाकली आणि तिथं ‘लागलेले’ लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. पाकीट तिनं स्वतःच्या हातानं त्या मांडणीवर ठेवलं, धाकटीच्या मुलांच्या पाकिटांपासून हातभर अंतर सोडून, आणि म्हणाली, खिडकीची दुसरी फळी उघड, हवा कोंडलीय. धाकटी म्हणाली, तुम्हीच उघडा की, मी काय नोकर आहे. मोठी गेली आणि उघडली.